मोटर थंडच हवी

माझ्या धाकट्या भावाला सगळे थंडे मास्तर म्हणतात. आमचं आडनाव थंडे नाही, आणि मास्तर तर तो कुठल्याच शाळेत नव्हता. सातवीनंतर शाळेने आणि त्याने एकमेकांना सोडून दिलं. होडीच्या मागे लावतात ना, त्या छोट्या मोटरी तो दुरुस्त करतो. पण त्याचं नाव झालं ते दुरुस्तीने नाही, तपासणीने. कुणाला जुनी मोटर घ्यायची असली की आधी ह्याला घेऊन जातात. हा जातो, कुणाशी बोलत नाही, मोटरीच्या डोक्यावर तळहात ठेवतो. थंड लागली तर पिशवी उघडतो. कोमट लागली तर पिशवी उचलून परत.

एकदा एका विकणाऱ्याने काय करावं? सकाळीच मोटर चालवून तयार ठेवली आणि वर ओली गोणपाटं टाकून झाकण गार केलं. ह्याने झाकणावर हात ठेवला. मग झाकण काढून आतल्या धडावर ठेवला. म्हणाला, "मी जरा चहा पिऊन येतो." चहा प्यायला गेलेला माणूस साडेतीन तासांनी उगवला. तोवर मोटर गार झाली होती आणि विकणारा गरम. त्यानंतर ती मोटर सोळा वेळा दोरी ओढूनही सुरू झाली नाही म्हणे.

"गरम मोटर काय, कुणीही ओढली तरी सुरू होते, ताई," तो मला सांगतो. "तुझ्यासारखीच. थंड असताना काय करते ते बघायचं असतं."

त्याचं म्हणणं खरं आहे, मी लगेच तापते. पण हे शहाणपण त्याला जन्मतः आलेलं नाही. अगदी नवा होता तेव्हा त्याने एक गरम मोटर चांगली म्हणून सांगितली होती. घेणारा दुसऱ्या दिवशी बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन मोटर कशीबशी सुरू करून पाण्यावर गेला, मधोमध बंद केली आणि गार झाल्यावर ती पुन्हा सुरूच झाली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत तिघं उन्हात तरंगत होती. कुणाला काही झालं नाही, पण हा त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्या बाईने त्याला काय काय ऐकवलं ते त्याने आजतागायत आम्हाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून तळहात.

आणि खोटं बोलणं त्याला जमतच नाही. लहानपणी माझ्या हातून घड्याळाची काच फुटली. मी सगळं मांजरावर घालायचं ठरवलं होतं, मांजराची तयारीही होती. वडिलांनी विचारायचा अवकाश, हे ध्यान पुढे होऊन म्हणालं, "ताईने." मी मार खाल्ला. रात्रभर त्याच्याशी बोलले नाही, आणि तो बिचारा माझ्या पाठीला तेल लावत बसला. असा तो. हरिश्चंद्राचा अवतार, पण घरात असला की जीव नकोसा होतो.

आता आमच्या ह्यांच्याकडे येते, कारण सगळं महाभारत त्यांच्यामुळे झालं.

आमचे हे तळ्यात जाळी टाकतात. घरापासून धक्का म्हणजे दोनशे पावलं. होडी लहान, मोटर आठ घोड्यांची, बावीस वर्षांची. मला एकतीस वर्षं झाली लग्नाला, म्हणजे मी तिच्याहून जुनी, पण पुसायला फडकं तिला आधी मिळतं. मार्च महिन्यात हे अंगणातल्या नळापाशी चक्कर येऊन पडले. बादली हातातच होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तपासण्या केल्या, आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "पाण्यावर एकट्याने जायचं नाही. अजिबात नाही."

ह्यांनी मान डोलावली. चौथ्या दिवशी पहाटे अंथरूण रिकामं. मी धक्क्यावर धावत गेले तर होडी लांब पोचलेली. परत आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. हे शांतपणे जाळं झटकत म्हणाले, "डॉक्टरीणबाई मासे धरत नाहीत."

पालथ्या घड्यावर पाणी! रडून झालं, अबोला धरून झाला, मुलीला फोन करून तिच्याकडून सांगून झालं. ती बिचारी नोकरीच्या गावाहून काय करणार? ह्यांचं एकच, "मला काही झालेलं नाही. एकदा आली चक्कर, कुणालाही येते." आणि मी रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून मोटरीचा आवाज ऐकत असायची. आवाज येतोय तोवर माणूस आहे. आवाज थांबला की हातातलं काम टाकून दारात. मग जाळं ओढायला बंद केली असेल म्हणून स्वतःची समजूत घालायची. असं रोज दोन दोन, तीन तीन वेळा. मला भीती वाटत होती, आणि ती आता सांगायला लाज नाही.

मग मला युक्ती सुचली. हे जगात कुणाचं ऐकत नाहीत, पण मोटरीच्या बाबतीत माझ्या भावाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी सहज विषय काढला. म्हटलं, "बावीस वर्षांची मोटर, एकदा आमच्या धाकट्याकडून तपासून घ्या." हे खूश झाले. "बोलाव की. मास्तर चालेल म्हणाले तर चालवीन, ठेवून द्या म्हणाले तर ठेवून देईन. शब्द दिला!"

मला हेच हवं होतं. दुपारी भावाला फोन लावला. त्याच्या दुकानात कायम काहीतरी ठोकत असतात. मी ओरडून सगळं सांगितलं, चक्कर, डॉक्टरीणबाई, रोजची धाकधूक. "तू फक्त ये, मोटर बघितल्यासारखं कर, आणि गेली म्हणून सांग. ठेवून द्या म्हण. एवढं एकच खोटं, बहिणीसाठी. रविवारी येतोस?"

पलीकडे ठोकणं थांबलं. मग म्हणाला, "चालेल."

मी फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

रविवारी नऊच्या गाडीने तो आला. तीच कातडी पिशवी, खिशात तोच मळका रुमाल. ह्यांनी मोटर अंगणात लाकडी घोड्यावर लावून ठेवली होती, खाली पाण्याचं पिंप. "या मास्तर! काल दुपारपासून हात लावलेला नाही," हे अभिमानाने म्हणाले.

त्याने तळहात ठेवला. थंड. पिशवी उघडली.

मी चहाचं निमित्त करून दारात उभी. म्हटलं, कसलेला नट आहे माझा भाऊ, काय रंगवतोय! आधी त्याने स्क्रूंची डोकी बघितली. ओरखडे असले म्हणजे कुणीतरी नको तिथे हात घातलाय, असं त्याचं शास्त्र. मग खालच्या बाजूचा स्क्रू सोडून गिअरचं तेल बोटावर घेतलं आणि उन्हात धरलं. दुधाळ असतं तर पाणी शिरलं म्हणायचं. तेल काळं होतं, स्वच्छ काळं. दोन्ही प्लग काढून फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली, अंगठा उडाला. दुसऱ्या भोकावर तेच. मग अंगठ्यावर विश्वास नसल्यासारखं दाब मोजायचं घड्याळ लावून आकडे बघितले. "दोन्ही सारखे पाहिजेत, भाऊजी. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने बसून खायचं, असा संसार टिकत नाही."

"आमच्या घरात येऊन बघ, टिकतो," मी दारातून म्हणाले.

मग तो पंख्याशी बसला. मागे पाण्यात फिरतो तो पंखा. हाताने फिरवून बघितला, खेचून बघितला. एका पात्याची कड तुटली होती. तुटलेली जागा चकचकीत होती.

"हे कशाने?"

"दगड," हे म्हणाले.

"ताजं दिसतंय."

"असेल. धक्क्यापाशी लागला असेल."

"हं," भाऊ म्हणाला. मग तो हँडलपाशी आला. मोटर बंद करायचं तांबडं बटण असतं, त्याच्याखाली एक चाप बसतो. चापाला पीळदार तांबडी दोरी, दोरीचं दुसरं टोक माणसाने मनगटात अडकवायचं. माणूस पाण्यात पडला की चाप निघतो, मोटर जागच्या जागी बंद. आमच्या मोटरीला चापाच्या जागी बाटलीच्या झाकणाचा कापलेला तुकडा होता, वर तारेचे दोन वेढे.

"दोरी कुठाय?"

"ती होय? शेडमध्ये खिळ्याला. जाळं सोडताना हात लांब गेला की मोटर बंद पडते हो सारखी. वैताग नुसता. म्हणून ही सोय केली."

"हं," भाऊ पुन्हा म्हणाला. प्लग बसवले, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. बाजूच्या भोकातून पाण्याची धार नीट पडत होती. त्याने पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं, बंद केली, रुमालाला हात पुसले.

मी कानात प्राण आणून उभी.

"चालेल," तो म्हणाला.

ह्यांनी टाळी वाजवली! आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी त्याला बाहीला धरून आत ओढला. "मेल्या, तू फोनवर काय म्हणालास?"

"चालेल म्हणालो."

"मग?"

"रविवारी येतोस का विचारलंस. त्याला चालेल म्हणालो. खोटं बोलतोस का, त्याला नाही."

"अरे, मी दोन्ही एका दमात विचारलं होतं!"

"तेच ना," तो म्हणाला. "एका दमात दोन गोष्टी विचारू नयेत."

मी लाटणं शोधत होते. देवाशपथ. तेवढ्यात तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी खोटं सांगितलं असतं तर भाऊजी मोटर उघडून बसले असते. त्यांनाही थोडंफार कळतं. चार दिवसांत कळलं असतं, की मास्तर खोटं बोलला. मग ते तुझंही ऐकणार नाहीत आणि माझंही. आणि तपासणी अजून संपलेली नाही. मोटर पाण्यावर बघायची राहिली आहे."

"बघ आणि जा. चहा मिळणार नाही."

पण मीही धक्क्यावर गेले. रागावलेलं माणूस घरात बसून काय करणार?

हे आणि भाऊ, दोघांनी मोटर होडीला लावली. भाऊ पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरला. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. लांब दोरीचं एक टोक होडीच्या मधल्या फळीला बांधलं, दुसरं धक्क्याच्या खांबाला. हे म्हणाले, "हे कशाला?" तो म्हणाला, "बघा तर." बाहेरूनच हात घालून मोटर सुरू केली, अगदी हळू ठेवली, गिअर टाकला, आणि हात सोडले.

होडी निघाली. आत कुणी नाही. पाणी कापत सरळ गेली, दोरी संपली तशी हिसका बसून तिरकी झाली, आणि तशीच ओढत राहिली. पुढे जायला बघतेय, दोरी सोडत नाही. मोटरीचा आवाज एकसारखा, रोज सकाळी ओट्यापाशी मला ऐकू येतो तसाच.

"आता समजा, तुम्ही तिथे पाण्यात आहात," भाऊ म्हणाला. "बोलवा तिला."

ह्यांनी खांबाला बांधलेली दोरी मुठीत धरली.

"बावीस वर्षं तुमचं ऐकते ना? थांब म्हणा. दोरी आज मी बांधली आहे, रोज नसते."

मला त्या रिकाम्या होडीकडे बघवेना. ह्यांचा डबा फळीवर होता, टोपी खुंटीला, सगळं जागच्या जागी, फक्त माणूस नाही. आणि आवाज चालूच. मी रोज ज्या आवाजावर विसंबून पोळ्या लाटत होते, त्या आवाजाला आत माणूस असण्याची गरजच नव्हती! हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी भावाचा दंड घट्ट धरला. "बंद कर रे ती. बंद कर."

"पेट्रोलची नळी मघाशीच काढली आहे. आतलं संपलं की थांबेल."

मिनिटभर लागलं असेल. मोटर खोकली, दोनदा अडखळली आणि थांबली. होडी वाऱ्याने हळूहळू आडवी झाली.

हे धक्क्याच्या पायरीवर बसले. मग भावाला नाही, मला म्हणाले, "दोनदा आली."

"काय दोनदा?"

"चक्कर. नळापाशी आली ती दुसरी. पहिली आठ दिवस आधी, पाण्यावर. डोळे उघडले तेव्हा मी फळ्यांवर आडवा होतो आणि होडी आपली आपण चालली होती. पलीकडच्या काठाला खडकावर जाऊन आदळली, तेव्हा जाग आली. आत पडलो म्हणून वाचलो. बाहेर पडलो असतो तर..."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. हे माझ्या बाबतीत जन्मात पहिल्यांदा झालं. मग फुटला तो असा फुटला, की पलीकडच्या धक्क्यावरचे दोघे जण जाळं विणायचे थांबले. "मला का नाही सांगितलंत? मी कोण आहे तुमची?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?" हे म्हणाले. "मला घरी बसायचं नव्हतं गं. घरी बसलो की मी संपलो, असं वाटत होतं. मला भीती वाटत होती."

भीती! ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याचाही मला राग आला.

हे भावाकडे वळले. "मास्तर, शब्द दिलाय. ठेवून देऊ का?"

"मोटर ठेवून द्यायची नाही. चांगली आहे ती," भाऊ म्हणाला. "मला मोटरीतलं कळतं. माणसातलं डॉक्टरीणबाईंना कळतं. त्या एकट्याने नको म्हणाल्या ना? मग एकट्याने नको. आणि चालवायचीही तुम्ही नाही."

"मग कोण? ज्याला त्याला आपापली होडी आहे."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता? लग्नाच्या पहिल्या वर्षी बसले होते, काठाला लागेपर्यंत ओकत होते!"

पण माणसाची भीतीसुद्धा मोठी मजेशीर असते. घरी राहून आवाज ऐकायची भीती आणि होडीत बसायची भीती, दोन्ही समोर ठेवल्यावर मला बसायची भीती बरी वाटली. भावाने एक दिवसाचा मुक्काम तीन दिवसांचा केला. बाटलीच्या झाकणाचा तुकडा काढून तळ्यात न टाकता खिशात घातला, चाप बसवला, पंख्याची कड कानशीने घासली. आणि मला दोरी ओढायला शिकवलं. रोज सकाळी, मोटर थंड असताना. "हाताने नाही ताई, खांद्याने. रागावल्यासारखी ओढ. तुला जमेल." हे बाजूला खुर्ची टाकून सूचना करत. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? पहिल्या दिवशी एकदाही सुरू झाली नाही. तिसऱ्या दिवशी चौथ्या ओढीला झाली, आणि मी नाचायचीच बाकी होते.

जाताना भावाला मी डबा भरून दिला. म्हटलं, "तू माझं ऐकलं नाहीस ते बरं झालं." तो म्हणाला, "चालेल." हसला मेला.

आता मी मागे बसते, तांबडी दोरी माझ्या मनगटात. हे पुढे, तोंड माझ्याकडे करून, जाळं मांडीवर. पहिले पंधरा दिवस मी पाण्याकडे बघितलंच नाही, फक्त ह्यांच्या तोंडाकडे बघत चालवली. ह्यांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, "अगं समोर बघ, मी काय पळून जातोय?" मोटर कशी चालवायची ह्यावरून आम्ही इतके भांडतो, की मासे आधीच पळून जात असावेत.

मग परवा, सकाळचे आठ वाजले असतील. आम्ही तळ्याच्या बऱ्यापैकी आत होतो. हे अर्धं जाळं पाण्यात सोडून थांबले. मला वाटलं, गाठ पडली. त्यांनी जाळं हातातून सोडून दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आली."

एवढंच. नाही म्हणाले नाहीत, काही नाही झालं म्हणाले नाहीत. स्वतःहून खाली फळ्यांवर आडवे झाले आणि डोळे मिटले. मी मोटर बंद केली, अर्धं जाळं होतं तसं वर ओढलं, पुन्हा दोरी ओढली, होडी घराकडे वळवली. अर्ध्या वाटेवर त्यांनी डोळे न उघडताच हात लांब केला, चाचपडला आणि माझा पाय घोट्यापाशी घट्ट धरला. नवऱ्याने बायकोचे पाय धरले म्हणून कुणी हसलं असतं, तर खुशाल हसू दे. धक्का येईपर्यंत मी तो पाय हलवला नाही.